बदामी फरशी

हे घर घेतलं ते मी फरशीवर भाळून. दिवाणखान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मऊ बदामी रंग. वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, घर न बघताच नाक मुरडलं होतं. "तुम्हा दोघांना रंगातलं काय कळतंय!" मग मीही इरेला पेटले. बदामी पडदे शिवून घेतले, बदामी सोफा आणला, भिंतींनाही तोच रंग दिला. आज संध्याकाळी वन्सं घर बघायला येणार होत्या. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'छान' ऐकायचंच, असा पणच मी केला होता.

सफाईवाल्यांना बोलावू या म्हटलं, तर आमच्या ह्यांना राग आला. हे दातांचे डॉक्टर. "लोकांच्या तोंडातली वर्षानुवर्षांची घाण काढतो मी. फरशी काय चीज आहे?"

स्वयंपाकघर, बाथरूम, खिडक्या सगळं मी एकटीने उरकलं. कंबरेचा पार काटा ढिला झाला. हे मात्र सकाळी दिवाणखान्यात शिरले ते बाहेरच येईनात. जाऊन बघते तर काय, तोंडाला मास्क, कपाळावर दिवा, हातात दात कोरायचं हत्यार, आणि स्वारी खोलीच्या बरोब्बर मधल्या फरशीवर ओणवी!

"अहो, सकाळपासून एकच फरशी?"

"मुळापासून काम चाललंय. कडा फार खराब होत्या." मग फरशीकडे वळून हळूच, सवयीने, "दुखतंय का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांनी शेवटचा ब्रश फिरवला, पाणी मारलं, फडक्याने टिपलं आणि ऐटीत बाजूला सरकले.

फरशी पांढरीशुभ्र होती.

मी मटकन खाली बसले. शेजारच्या फरशीवर नख घासून पाहिलं. नखात बदामी रंग आला. म्हणजे मी भाळले होते ती आधीच्या मालकाच्या मळावर! पडदे मळाच्या रंगाचे, सोफा मळाच्या रंगाचा, भिंतीसुद्धा. मला अक्षरशः रडू फुटलं.

"रडतेस काय? सगळ्याच पांढऱ्या करून देतो," हे उत्साहाने म्हणाले. "दीडेक वर्ष धर."

"खबरदार हात लावाल तर!" मी ओरडले, आणि तेवढ्यात बेल वाजली.

वन्सं आल्या. मी डोळे पुसून चहा आणला. त्यांनी पडदे चाचपले, भिंती पाहिल्या, सोफ्यावर टेकल्या. मग नजर खाली गेली. माझा जीव टांगणीला लागला.

"छान गं," त्या चक्क म्हणाल्या. "कसं सगळं जुळून आलंय! आणि किती स्वच्छ! फक्त ही मधली फरशी तेवढी डागाळलीय बघ. जरा घासून घे."

आणि त्या स्वयंपाकघर बघायला आत गेल्या. ह्यांनी लगेच ब्रश उचलला. मी तो काढून घेतला आणि ह्यांच्या हातात माझा चहाचा कप दिला.

"हळूहळू ओता," मी दबक्या आवाजात म्हटलं, "आणि पुसू नका."