काठावरची मुंगी

बुआलायबाईंनी त्या दुपारी एका गुंडाळलेल्या चटईला थोपटून झोपवलं, आणि जिला झोपवायचं होतं ती पोरगी, नामतान, बालवाडीच्या फाटकातून तळ्याच्या वाटेला लागली.

पोरं जेवली होती. तोंडं धुऊन, गालांना पांढरी पावडर थापून रांगेनं आडवी झाली होती. शेवटची जागा नामतानची. साडेतीन वर्षांची, पण झोपेशी तिचं हाडवैर. बाई तिच्याशेजारी बसल्या, गुणगुणत पाठीवर थापट्या देऊ लागल्या, आणि आज कशी शहाण्यासारखी पडून राहिली आहे म्हणून मनातल्या मनात तिचं कौतुकही करून झालं. तेवढ्यात फाय, म्हणजे त्यांच्या हाताखालची तरुण शिक्षिका, नामतानला काखेत मारून धापा टाकत आत आली. पोरीचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते.

"मोठ्या बाई," फाय म्हणाली, "तुम्ही थोपटताय कोणाला?"

बाईंनी चाचपून पाहिलं. चटईच होती. नामतान खदखदून हसली. फाय हसली नाही. ती हसली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

बान नोंग क्वांगसारखं गाव लहान असलं की बातमी माणसाच्या आधी घरी पोहोचते. संध्याकाळी बाई जिन्याशी चपला काढतायत तोवर वरून थोरल्या बहिणीचा, खाम्फानचा आवाज आला, "या! झोपली का चटई?"

"ताई, आता तू नको सुरू होऊस."

"का नको? मोतीबिंदू पिकलाय म्हणून वर्षापूर्वी डॉक्टरनं सांगितलं. तू गेलीस, बाकावर बसलीस, पट्टी बांधलेली चार माणसं बघितलीस आणि शेपूट घालून पळून आलीस. वर मला सांगितलंस, डॉक्टर रजेवर आहे!"

"अगं, तिथं माणूस जागा असतो. जागेपणी डोळ्यात सुरी घालतात!"

"मग तू झोपेत पोरं बुडव तळ्यात."

खाम्फानच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोलली ते खोटं नव्हतं. बाईंना त्या रात्री चिकट भाताचा घास गिळवेना. डोळे मिटले की चिखलाचे ते दोन पाय दिसायचे. फायला तळ्याकडे बघायचं सुचलं नसतं तर? सकाळी उठून त्यांनी स्वतःलाच बजावलं की आता दोनच वाटा आहेत. डोळा नीट करून घ्यायचा, नाहीतर बालवाडीची किल्ली फायच्या हातावर ठेवून घरी बसायचं. आंधळ्या कोंबडीनं पिलांची राखण करू नये.

आणि घरी बसायचं म्हटल्यावर मनातलं जुनं ठसठसणं पुन्हा वर आलं. विहाराच्या आवारात बालवाडीला लागूनच मोठी शाळा. तिथं नुकताच गुरुवंदनेचा गुरुवार झाला होता. दूर्वा, लाल टोकदार कळ्या आणि वांग्याची फुलं रचलेली तबकं घेऊन मुलं गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे जात होती. वांग्याचं फूल कसं मान खाली घालून असतं, तशी शिकणाऱ्यानं घालावी म्हणून ते तबकात हवंच. गावातून शिकून मोठी झालेली माणसंही आली होती. त्यांत सारावुत नावाचा फौजदार होता. गणवेशातला एवढा धिप्पाड माणूस मोठ्या शाळेच्या प्रयूनगुरुजींपुढे दंडवत घालून माइकवर म्हणाला, "यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुआलायबाई मागे, बारक्या पोरांना गप्प बसवत उभ्या होत्या. बालवाडीत होता तेव्हा सारावुत पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरायचा. म्हणून बाईंनी त्याच्यासाठी खडूचे बोराएवढे तुकडे करून ठेवले होते, मुठीत धरताच येऊ नयेत असे. मग हळूहळू त्याची चिमूट वळली. गुरुजींकडे गेला तेव्हा बोटं तयार होती. पण हे फौजदाराला कुठून ठाऊक असणार? कार्यक्रम संपल्यावर त्यानं बाईंना हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, आज जेवण तुम्ही केलंय ना? काय झकास झालंय हो!"

"सगळी हयात नाकं पुसण्यात गेली गं," बाई बहिणीला म्हणाल्या. "आम्ही नाकं पुसायची आणि फुलं गुरुजींनी घ्यायची. तीन वर्षांच्या पोराला आठवतं काय नंतर?"

खाम्फान मिरच्या कुटत होती. बत्ता न थांबवता म्हणाली, "भाताच्या रोपाला वाफा आठवतो का? उपटून लावलं की सगळं शेताचं नाव. म्हणून काय कोणी वाफा करायचं सोडतं? उठ, पिशवी भर. मी येते बरोबर. दारात बसते, बघू कशी पळतेस."

आणि खरंच, ती जिल्ह्याच्या रुग्णालयात दाराशी पाय पसरून बसली.

आत गारठा होता. बाईंना टेबलावर निजवलं, चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, त्याला फक्त उजव्या डोळ्यापुरतं भोक. दोन आवाज ऐकू येत होते. एक नर्सचा, एक डॉक्टरांचा. डॉक्टरांचा आवाज अगदी कोवळा. सुरी या पोराच्या हातात, या विचारानं बाईंचे गुडघे लटपटायला लागले. मग हनुवटी. मग सगळंच.

"मावशी, थरथरू नका हं."

"मी नाही. तुमचं टेबल थरथरतंय."

नर्स फिस्सकन हसली. डॉक्टर थोडा वेळ थांबले. थरथर थांबेना. शेवटी म्हणाले, "मावशी, डोळ्याचं काम आहे. अशात मी हत्यार लावणार नाही. आज राहू दे, पुढे कधीतरी बघू."

बाईंना पुरतं ठाऊक होतं की या टेबलावरून खाली उतरलो की पुन्हा काही आपण चढत नाही. खाम्फान दारात बसो की छातीवर. म्हणजे किल्ली फायच्या हातात. म्हणजे उद्यापासून सकाळी ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारी पोरं ऐकायची, दिसायची नाहीतच.

"थांबा," त्या म्हणाल्या. "थांबा हो. करते मी. थांबवते."

पण थांबवते म्हणून थांबतं थोडंच. उलट दातावर दात वाजायला लागले. डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं.

"बरं, मी सांगतो तसं करा. चादरीखाली पोटावर हात आहेत ना? त्यांची वाटी करा. केली? आता समजा, वाटीत पेज आहे. गरम. आधी नाकानं वास घ्या. सावकाश. आता फुंकर."

"झालं, डॉक्टरांचं पेजपुराण सुरू," नर्स पुटपुटली.

डॉक्टर तिच्याकडे लक्ष न देता, लहान पोराला म्हणावं तसं ठेक्यात म्हणू लागले.

"हाताची वाटी, वाटीत पेज,
पेज आहे गरम.
काठावर मुंगी बसली आहे,
फुंकर घाला नरम."

हिरव्या कापडाखाली बुआलायबाईंचा श्वास जागच्या जागी थांबला.

पेजेवर फुंकर कोणीही घालील. पण मुंगी? ती मुंगी त्यांच्या बालवाडीतली होती. बाई नोकरीला लागल्या त्याच वर्षी गावातल्या एका म्हातारीकडे नातू आला होता. आईबाप त्याला ठेवून बँकॉकच्या बसमध्ये चढले. पोरगं रोज सकाळी फाटकाशी असं रडायचं की श्वास अडकून निळं पडायचं. बाई नवख्या. कडेवर घेऊन झालं, गाणी म्हणून झाली, एकदा तर त्यांनीही त्याच्याबरोबर भोकाड पसरलं. हे काम आपल्याच्यानं होणार नाही, असं सांगायला त्या सरपंचांकडे निघणारच होत्या. त्या सकाळी पेजेची वाटी त्याच्यापुढे तशीच पडली होती आणि काठावरून एक मुंगी चालली होती. पोरानं हुंदका अर्धाच सोडला. म्हणालं, "भाजेल ती." बाई म्हणाल्या, "मग फुंक की. पण हळू हं, पडेल नाहीतर." पोरगं फुंकत राहिलं. हळू, आणखी हळू. मुंगी पलीकडे उतरून गेली तोवर त्याचं रडं कुठल्या कुठे गेलं होतं. बाईंनी त्याचं गाणं केलं, आणि पुढे जे पोर रडत आलं त्याच्या हाताची वाटी करून तिच्या काठावर त्यांनी ती मुंगी बसवली.

टेबलावर बाईंना एकदम सांगावंसं वाटलं. पण हातात सुरी असलेल्या माणसाशी गप्पा मारू नयेत, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी वाटी नीट धरली. वास घेतला. फुंकर घातली, मुंगी पडणार नाही अशी. हनुवटी थांबली. मग गुडघे.

"शाबास, मावशी," वरून आवाज आला. "अस्संच."

आजवर ही शाबासकी बाईच देत आल्या होत्या. कापडाखाली त्यांना हसू आलं, पण त्या हलल्या मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी सोडली. आधी नुसताच उजेड आला. मग खिडकी आली, खिडकीतला आंबा आला, त्याची पानं वेगवेगळी आली. मग खाम्फानचा चेहरा आला.

"ताई, केवढी म्हातारी झालीस गं!"

"तू आरशात बघ आता," खाम्फान म्हणाली आणि डोळे कशानं पुसावेत हे न सुचून तिनं पाठ फिरवली.

डॉक्टर आले. पंचविशी-तिशीतला सावळा मुलगा, कान जरा पुढे आलेले. डोळा बघितला, समाधान झालं. बाईंनी विचारलं, "डॉक्टर, ते पेजेचं कुठं शिकलात?"

"ते होय?" ते लाजले. "कुठं असं नाही. लहानपणापासून येतं मला. शिकत होतो तेव्हा हत्यार हातात घेतलं की माझेच हात थरथरायचे. सर म्हणायचे, तू शस्त्रक्रियेचा नाद सोड. मग मी बाहेर जिन्यात जाऊन पेज फुंकायचो. अजूनही आत जाण्याआधी एकदा फुंकतोच. आईला विचारलं, तर ती म्हणते, मी नाही शिकवलं."

"लहानपणी होतात कुठं?"

"बँकॉकलाच. त्याआधी वर्ष-दीड वर्ष आजीकडे होतो म्हणे, इथंच, बान नोंग क्वांगला. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पण आजीचा मुलूख म्हणून बदली मात्र मागून घेतली."

बाईंनी नव्या डोळ्यानं ते कान पुन्हा नीट पाहिले.

"प्लाटू म्हणायची ना रे तुला आजी?"

"प्लाटू? बांगडा?" नर्सला हसू दाबता दाबता ठसका लागला. डॉक्टरांच्या हातातली छोटी बॅटरी तशीच राहिली.

"तुम्हाला कसं... हे नाव तर आता आईसुद्धा घेत नाही."

"फाटकाशी रडून निळा पडायचास. निळं पाखरू असलेला टॉवेल तुझा होता. ती पेज तुझी होती, आणि मुंगीही तुझीच. 'भाजेल ती' म्हणालास. तेवढं ऐकलं म्हणून मी नोकरी सोडली नाही बघ." बाई बोलतच राहिल्या. "लोक म्हणतील मी तुला शिकवलं. खोटं आहे ते. तू मला शिकवलंस. मी फक्त सांभाळून ठेवलं आणि पुढच्या पोरांना वाटलं. गावातली अर्धी माणसं तुझी मुंगी घेऊन हिंडतायत, आणि त्यांनाही पत्ता नाही. नसेना! मला काल कळलं ते पुरे झालं. मी फार सुखी आहे रे आज."

डॉक्टरांनी बॅटरी खाटेवर ठेवली. त्यांच्या दोन्ही हातांची नकळत वाटी झाली होती. त्या वाटीकडे ते बघत राहिले, जणू ती कोणी त्यांच्या हातात आत्ताच ठेवली होती. मग ते खाटेशी गुडघ्यांवर बसले आणि गुरुवंदनेच्या गुरुवारी मुलं बसतात तसं जोडलेल्या हातांवर कपाळ टेकवून त्यांनी गादीच्या कडेला डोकं ठेवलं. बाईंना आठवडाभर वाकायचं नाही, असं त्यांनीच लिहून दिलं होतं, म्हणून त्यांना उठवायला बाई वाकल्या नाहीत. डॉक्टरांची पाठ हलत होती. नर्सचं हसणं थांबलं.

त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांतलं, नाकातलं सगळं एक झालं होतं. बुआलायबाईंना ते लख्ख दिसलं. त्यांचा हात सवयीनं उशाखालच्या रुमालाकडे गेला आणि तो त्यांनी डॉक्टरांच्या नाकाला लावला.

"हं," त्या म्हणाल्या, "शिंकर."

आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुकाट्यानं शिंकरलं.