शेगडी वाढव

गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, तशी दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली. घराला कुलूप लावून आमी बी सहा जनावरांमागं तिथंच आलो. खोपटं म्हणजे चार बांबू, चौफेर कडब्याचा कूड, वर ताडपत्री. थोरली सून अयोध्या दवाखान्यातून बाळ घेऊन त्या खोपटातच आली. पोरगी, बारा दिवसांची, मुठीएवढी. आन् पौषातला वारा असा, की कूड नुसता नावाला.

तर मी भायेरच्या चुलीत तीन विटा तापवायची, गोणपाटात गुंडाळायची आन् बाजेखाली ठेवायची. ऊब येती, धूर न्हाई, ठिणगी न्हाई. कडब्याच्या घरात निखारा आणायचा न्हाई, हा माझा कायदा. मोडला तो मीच.

नांदूरघाटाहून आमच्या इहिणबाई आल्या, सारजाबाई. लेकीच्या बाजेखाली वाकून बघितलं आन् नाकाला पदर लावला.

"हे काय वो केशरबाई? बाळंतिणीला विटा? पाठीवर घर बांधायलात का तिच्या?"

"शेगडी ठेवली तर हाय ते घर बी जळंल."

"आमच्यात बाळंतिणीखाली शेगडी असती बाई. तुमच्यात कोळसा न्हाई म्हणा की सरळ."

झालं. कोळसा न्हाई! चाळीस वर्षं घर हाकलं मी, आन् हे ऐकून घेऊ? उठले, कोळसे फुलवले, शेगडी बाजेखाली सरकवली. घ्या म्हणलं, शेका.

सांजंला संस्थेची दुधाची गाडी आली. मी दुधाचा कॅन उचलला आन् जाता जाता धाकटीला हाक दिली. धाकटी सिंधू, लगीन होऊन तीनच महिने झालेली. बीडात वाढली, माहेरी गॅस.

"सिंधू, शेगडी वाढव गं!"

"हो, आत्या."

रांगेत माझ्यापुढं दोनच बाया होत्या, तेवढ्यात अयोध्याची किंकाळी आली. कॅन काखेत तसाच, अन् मी पळाले! साठीची बाई अशी पळती हे मलाच ठावं नव्हतं. बघते तर शेगडी लालभडक, बाजेवरून लोंबणाऱ्या वाकळेनं पेट घेतलेला, जाळ कुडापासून वीतभर.

"अयोध्या, पोरगी घे! भायेर! सिंधू, वढ तिला!"

दोघी भायेर पडल्या, पोरगी अयोध्याच्या छातीशी. हौद छावणीच्या पार त्या टोकाला. माझ्या काखेत काय होतं? दूध! झाकण काढलं आन् सगळा कॅन वाकळेवर ओतला. चर्रर झालं! भायेरनं धावत आलेल्या सारजाबाई ओंजळीओंजळीनं माती फेकायला लागल्या. अर्धी माझ्याच डोळ्यांत गेली, पण बाईचा हात थांबला न्हाई. शेवटी दोघींनी वाकळ फरफटत माळावर नेली आन् लाथांनी तुडवली. शेगडी चिमट्यानं ओढून मातीत पुरली.

कुडाला काय झालं न्हाई. पोरगी भूक लागली म्हणून रडायली होती, बाकी काय न्हाई.

"सटवे," मी सिंधूवर धावले, "वाढव म्हणलं होतं ना तुला?"

"वाढवली की, आत्या! दोन ओंजळी कोळसे घातले. वर वाराही घातला."

तवा माझ्या ध्यानात आलं. आमच्यात दिवा काय, चूल काय, विझवली म्हणत न्हाईत. अशुभ. वाढवली म्हणायचं. मी विझव म्हणत होते, अन् ती बिचारी घालत होती कोळसे!

सारजाबाई मातीच्या हातानं हसायला लागल्या ते खालीच बसल्या. मग हसता हसता रडल्या. मी बी.

"तिची चूक न्हाई," मी म्हणलं. सारी छावणी ऐकत होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणलं. "माझीच. तोंडानं येक, मनात येक. आजपासनं विझव म्हणायचं. रोखठोक!"

"बाळंतिणीजवळ? असं वंगाळ बोलतात व्हय?"

"आन् जळणं चांगलं असतं व्हय, इहिणबाई?"

सारजाबाईंनी पदर खोचला आन् भायेरच्या चुलीपाशी जाऊन विटा मांडल्या. तीन न्हाई, चार! तापल्यावर आपल्या हातानं गोणपाटात गुंडाळल्या, वरनं हात फिरवून बघितला, मग बाजेखाली सरकवल्या.

मी आतनं आवाज दिला, "सारजाबाई, चूल?"

भायेर राखेवर पाणी पडल्याचा आवाज आला.

"विझवली!" बाई अशी वरडली, की सहाच्या सहा जनावरांनी माना वर केल्या.