मास्तरांनी रक्तदाबाला दिलेले ग्रेस

"ही भाजी नाही, शिक्षा आहे," मास्तर ताटाकडे बघत पुटपुटले. बायको शेजारीच वाढत होती. दहा दिवसांत ही तक्रार तिला पाठ झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस दिले होते. मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं आणि दोन वेळा रक्तदाब मोजून वहीत लिहिणं. वरचा आकडा एकशेपस्तीसच्या आत राहिला तर ठीक, नाहीतर गोळी.

"गोळी म्हणजे जन्माची सोबत," मास्तर म्हणत. "एक आहे तेवढी पुरे."

चालायला मात्र ते नेमाने जात. जाताना भरभर, येताना रेंगाळत, आणि खिशाला खाऱ्या शेंगदाण्यांचा वास.

"मीठ झटकून खातो मी," हे वर.

आंघोळीआधी ते थोरल्या भावाची दाढी करत. दादा दोन वर्षं आतल्या खोलीत पडून होते. तोंडाची एक बाजू ओघळलेली, म्हणून मास्तर गाल बोटांनी ताणून धरत आणि जपून वस्तरा फिरवत. कुणी दादांची चौकशी केली की घरातले सगळे एका सुरात सांगत, "जरा आराम करताहेत." जेवण बायको भरवायची, चमच्याने.

दाढी झाली की मास्तर स्वतःच्या दंडाला पट्टा बांधत. त्या दिवशी बायकोने मागून डोकावून पाहिलं. यंत्रावर एकशेएकोणपन्नास, वहीत एकशेचौतीस.

"अहो, हे काय?"

"यंत्र फार कडक तपासतं गं. काठावरच्याला जरा हात द्यावा लागतो. त्यालाही धीर येतो."

तीस वर्षं गणिताचे पेपर तपासले, काठावरचा एकही पोरगा नापास केला नाही. जन्मभर पोरांना पस्तीसच्या वर ढकललं आणि आता स्वतःला पस्तीसच्या खाली ओढत होते. आधी चार ग्रेस दिले, मग नऊ, आता पंधरा. लेकीने वही पाहून "बाबा, कमाल आहे" म्हटलं, तेव्हा मास्तर लाजलेसुद्धा.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात आकडा एकशेत्रेपन्न आला.

"तुमचा पांढरा कोट बघून वाढतो," मास्तर म्हणाले.

"होतं असं काहींचं. म्हणून तर घरची वही मागितली." डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. "अक्षर काय सुरेख आहे! आकडेही चांगले आहेत. मग गोळी नको इतक्यात."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा चेहरा. तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"डॉक्टर, त्यात ग्रेसचे गुण आहेत. पंधरा-पंधरा."

"अगं, घरचं घरी..."

"घरी कुणी बोलतच नाही." ती आता त्यांच्याकडेच वळली होती. "दादा आराम करत नाहीयेत हो. त्यांना लकवा झालाय. त्यांना भरवते मी. तुम्हाला भरवायचं बळ नाही माझ्यात."