‘शांत’ लिहिलेली चिठ्ठी

काखेत थर्मामीटर धरून तिला बसून पंधरा मिनिटं झाली होती.

“किती आहे गं?” नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

“अजून वाजलाच नाही मेला.”

*

दुकानासमोरच्या तारेवर पाखरं ओळीने बसतात. चोची उघडतात, मिटतात. यंदा मुकी झालीत, असं तिचं मत.

*

घराच्या दारावर पूर्वी किणकिणणारी घंटा होती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने ती काढून दुसरी बसवली. बंदरात बोट शिरावी तशी ती वाजते. भोंऽऽ. शेजारीण म्हणाली, “अहो, तुमच्याकडे पाहुणे येतात की जहाजं?” तिने नवऱ्याला विचारलं, जुनीला काय धाड भरली होती? तो म्हणाला, “बिघडली होती.”

*

साबणाच्या डबीएवढं हिरवं पेडल. पायाने दाबायचं, की गिटारीचा प्रत्येक सूर दरीत हाक मारल्यासारखा परत येतो. पोटाला चिकटवलेली चिठ्ठी:

सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून पाहिली. आवाज शांत.

खाली तिची सही.

*

शाळेच्या सभागृहात गाणं संपलं. टाळ्यांच्या आधी जी एक क्षणभर शांतता असते, तेवढ्यात कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू आली. पहिल्या रांगेतलं एक मूल हसलं. मग रांग हसली. मग तीनशे मुलं.

*

“काकू, ही द्यायची आणि ती घ्यायची.” दातांच्या डॉक्टरने काउंटरवर पडलेल्या आपल्या गिटारीकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या लालभडक गिटारीकडे.

“का? हिने काय घोडं मारलंय तुमचं?”

“आठ वर्षं झाली. माणसाने पुढे जायला नको?”

“माणसाने जावं की. त्यासाठी गिटारीला कशाला घराबाहेर काढता?”

दुकान जुन्या वाद्यांचं. मालक तिचा धाकटा दीर. तो विकत घ्यायचा, विकायचा, गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करायचा. पण कुठलं वाद्य किती लायकीचं, हे सांगायचं काम गेली सव्वीस वर्षं तिचं. तिला सगळे काकू म्हणत. तिच्याहून वयाने मोठे म्हातारे वादकही काकूच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

तिची एक रीत होती. गिटार हातात आली की आधी तिच्या डोक्यावर निळा टॉवेल टाकायचा, म्हणजे तिथलं कंपनीचं नाव झाकलं जातं. मग बोटाच्या पेराने लाकूड ठोकायचं. मग हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवून एकेक तार छेडायची. वायर, ॲम्प्लिफायर, सगळं त्यानंतर. नाव वाचलं की कान लाचार होतो, असं ती म्हणे. हनुवटीच्या हाडाला वाचता येत नाही.

“वळा भिंतीकडे,” तिने डॉक्टरला सांगितलं.

“मी?”

“मग काय गिटार वळवू? बसा त्या स्टुलावर. तीन वाजवते. आवडेल ती सांगा.”

डॉक्टर शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. तिने तीन गिटारींवर तेच चार सूर वाजवले, त्याच क्रमाने, त्याच जोराने.

“दुसरी!” डॉक्टर वळला. “काय गोडवा आहे हो! लालच असणार.”

तिने टॉवेल काढला. दुसरी त्याचीच होती.

“शक्यच नाही. माझी अशी कधी वाजलेली नाही.”

“काल ठेवून गेलात ना, तेव्हा गंजक्या तारा काढून नव्या घातल्या. मान वाकली होती, तिच्या स्क्रूला पाव फेरा दिला. बास.” तिने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. “दात किडला म्हणून तुम्ही तोंड बदलायला सांगता का हो?”

दीर मागे शेल्फ पुसत होता, तो फिस्सकन हसला. मग आठवलं की लाल गिटार विकली गेली नाही, आणि पुन्हा शेल्फ पुसू लागला.

“मग मी पुढे जायचंच नाही?” डॉक्टर म्हणाला.

“जा ना. हातातलं राहू दे, पायाखाली काहीतरी घ्या. एखादं एकोचं पेडल. खोलीत वाजवलेलं मैदानात गेल्यासारखं वाटेल. चिठ्ठी लावून देते.”

चिठ्ठी म्हणजे काय, हे डॉक्टरला सांगावं लागलं नाही. गावातले वाजवणारे पेडल घेताना आधी ते उलटं करून पाहत, काकूची चिठ्ठी आहे का. दुसरीकडे लोक हमीचा कागद मागतात. इथे चिठ्ठी पुरे. सव्वीस वर्षांत चिठ्ठीसकट एकही वस्तू परत आलेली नव्हती.

तेवढ्यात दार उघडून शाळेतल्या संगीताच्या बाई आत आल्या. त्यांच्या हातात हिरवं पेडल होतं.

“काकू, रागावू नका हं.”

“आधी रागावण्यासारखं करा तर.”

“हे शिट्टी मारतंय.” बाईंचा चेहरा पडला होता. “शाळेच्या कार्यक्रमात लाज गेली. सगळी मुलं हसली. मुख्याध्यापकांना वाटलं, आपल्याच खिशात काहीतरी वाजतंय.”

काकूंनी पेडल उलटं केलं. आपली सही पाहिली. ऐंशीजणांनी सांगितलं असतं तरी त्या सहीवर त्यांचा अधिक विश्वास होता.

“तुमच्या सभागृहातली वायरिंग बघून घ्या. लावा इथे.”

दिराने सभागृहात असतो तसला उंच स्पीकर जोडला. बाईंनी एक सूर छेडला. सूर गेला, परत आला, पुन्हा गेला, विरला. मग वाकून त्यांनी प्रतिध्वनीचं अंतर वाढवणारं बटण हळूहळू शेवटपर्यंत नेलं आणि हात वर केला. हे बघा, अशा अर्थाने.

काकूंनी कान दिला. स्पीकरची खालची घरघर होती. रस्त्यावरचा ट्रक होता. दिराच्या चपलेची करकर होती.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

बाईंनी दिराकडे पाहिलं. दिराने काकूंकडे. त्याचा डावा डोळा बारीक झाला होता, लिंबू चावल्यासारखा.

“मलाही नाही ऐकू येत, वहिनी,” तो म्हणाला.

“अहो, असं काय?” बाई कळवळून म्हणाल्या. “केवढं वाजतंय!”

“नाही बुवा. मला तर नाही,” दीर म्हणाला.

आणि स्टुलावरून डॉक्टर हसत म्हणाला, “अरे, हे तर माझं ड्रिल! दवाखान्यात दिवसभर हेच ऐकतो. पेशंट उगीच नाही पळत.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आपण गंमत केली. कोणी हसलं नाही म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि गिटारीच्या नव्या तारा तपासू लागला.

काकूंनी बटण उलटं फिरवलं. दिराचा डोळा उघडला. शेवटाकडे नेलं. डोळा बारीक झाला. पुन्हा उलटं. उघडला. तीन वेळा.

“तू लहानपणीही असाच खोटं बोलायचास,” त्या दिराला म्हणाल्या. “तोंड नाही म्हणायचं आणि चेहरा सगळं ओकायचा.”

“वहिनी, सर्दी असेल. परवा कणकण होती ना तुम्हाला?”

“काही ताप नव्हता मला,” काकू म्हणाल्या, आणि मधेच थांबल्या. थर्मामीटर. कंटाळून काखेतून काढला तेव्हा आकडा तर आलेला होता. म्हणजे तो वाजूनही गेला होता.

त्यांनी पेडलची वायर काढली. मग टॉवेलची घडी घालून खांद्यावर टाकली.

“दुरुस्तीच्या खणात सूर काढणारं जुनं यंत्र आहे. आण.”

“कशाला आता ते—”

“आण म्हटलं ना.”

राखाडी रंगाचं ते यंत्र स्पीकर तपासायला वापरत. त्यावरची चकती फिरवली की एकच सूर खालून वर चढत जाई, हंबरण्यापासून किंचाळण्यापर्यंत. काकूंनी ते संगीताच्या बाईंपुढे सरकवलं.

“तुमचा कान तयार आहे. तुम्ही फिरवा. मी ऐकू येतंय तोवर हात वर ठेवते. आणि डॉक्टर, उठा. स्टूल द्या.”

भिंतीकडे तोंड करून त्या बसल्या. उजवा हात वर केला. चकती फिरू लागली. सूर जमिनीतून यावा तसा आला, छातीत घुमला, गळ्यात आला, दातांत आला. त्यांचा हात काठीसारखा ताठ होता. मग सूर बारीक झाला, आणखी बारीक, केसाएवढा. मग भिंतीवरचा रंगाचा पोपडा तेवढा उरला. त्यांनी हात खाली घेतला.

“अजून वाजतंय?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“बरंच पुढपर्यंत?”

बाईंनी चकतीकडे पाहिलं. “बरंच पुढपर्यंत, काकू.”

“पुन्हा करा.”

चार वेळा केलं. हात चारही वेळा त्याच जागी खाली आला. काकू उठल्या, त्यांनी लाल पेन घेतलं आणि चकतीवर त्या जागी रेघ मारली.

“ही माझी हद्द,” त्या म्हणाल्या. “इथून खालचं काहीही मला फसवू शकत नाही. इथून वर मी बहिरी. काही गुंतागुंत नाही त्यात.”

दीर काउंटरला वळसा घालून जवळ आला. “वहिनी, कोणाला काही कळायचं नाही. चिठ्ठ्या बंद करू. आता सगळीकडे छापील हमीपत्रं असतात. तुम्ही आरामात बसा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारा. तुमच्याशी बोलायलाच तर येतात निम्मे.”

“शोभेला?”

“तसं नाही हो.”

“तसंच. उद्या माझ्याही डोक्यावर टॉवेल टाक, म्हणजे नाव झाकलं.” त्यांनी हिरव्या पेडलवरची चिठ्ठी नखाने काढली. “गिटारीचा सगळा जीव त्या रेघेच्या खाली आहे. डॉक्टरांना आत्ता त्यांचीच गिटार पटवून दिली ना? ती पारख गेलेली नाही. पेडलच्या शिट्ट्यांना मात्र दुसरा कान लागेल. चिठ्ठी राहील. सह्या दोन होतील.”

“दुसरी कोणाची?”

“तुझी नाही. तुला खोटं नीट बोलता येत नाही आणि खरं बोलायची हिंमत नाही. बाई, शनिवारी शाळा लवकर सुटते ना?”

बाई गोंधळल्या. “सुटते. पण मी काही यातली…”

“दीर म्हणाला ऐकू येत नाही, मी म्हणाले ऐकू येत नाही. तरी तुम्ही ऐकू येतंय म्हणालात. एवढं पुरे. या शनिवारी. तुमच्या हिरव्याच्या बदल्यात दुसरं बघून देऊ, आपण दोघी मिळून.”

मग त्या दिराकडे वळल्या. “आणि वर्षभराच्या चिठ्ठ्यांच्या नकलांच्या वह्या काढ. पाखरं यंदा गप्प झाली, तेव्हा वर्षभर धरू. सगळ्यांना फोन करून पेडलं परत तपासायला बोलवायची.”

“दुकानाचं नाव जाईल!”

“चिठ्ठीवर तुझ्या दुकानाचं नाव कुठंय? सही आहे. ती माझी आहे.”

डॉक्टर हळूच म्हणाला, “काकू, मी एको शनिवारनंतर घेतो.”

“शहाणे आहात,” काकू म्हणाल्या.

*

संध्याकाळी त्या घराच्या दारासमोर उभ्या राहिल्या. किल्ली पिशवीत होती. त्यांनी किल्ली काढली नाही. घंटेचं बटण दाबलं.

भोंऽऽ.

पायाखालच्या फरशीपर्यंत आवाज पोचला. जाड, सुती, दाराच्या पार खाली बसणारा. एवढी वर्षं त्या आवाजाला नावं ठेवली होती, पण कधी पारखला नव्हता. त्यांनी पुन्हा दाबलं. आणि डोळे मिटून पुन्हा. चकतीवर हा सूर कुठे येईल, ते त्यांना लगेच कळलं. लाल रेघेच्या पुष्कळ खाली. ज्याने कोणी लावला, त्याने अगदी विचार करूनच निवडला असणार, इतका खाली.

“उघडं आहे गं!” आतून नवरा ओरडला. “किती वेळा वाजवतेस? बोट लागली का धक्क्याला?”

त्या आत गेल्या. त्याने ताट वाढलं होतं. तो समोर बसला, नेहमीसारखा, अगदी समोर, तोंडावर उजेड पडेल असा.

“दिवस कसा गेला?” त्याने विचारलं.

“चांगला. एक चिठ्ठी परत आली.”

त्याने घास तसाच हातात धरला. “मग?”

“मग काय? नवी लिहायची. तू जेव.”

तो जेवू लागला.

*

दुसऱ्या दिवशी दीर दुकानात आला तेव्हा काउंटरवर नकलांच्या वह्या रचलेल्या होत्या, आणि काकू फोन कानाशी धरून म्हणत होत्या, “हो, मीच सही केली होती. तेच सांगतेय, तेव्हा मी अर्धंच ऐकलं होतं. घेऊन या. नाही, फुकटच.” फोन ठेवून त्यांनी नावापुढे लाल टिंब दिलं.

दिराने वह्या मोजल्या. “काल तर वर्षभराच्या म्हणालात. या तीन वर्षांच्या आहेत.”

“तीनच लागतील. काल घरी चौकशी केली.”

“दादाकडे? काय म्हणाला?”

“दादा काय म्हणणार? दाराकडे केली.”

त्याला ते कळलं नाही, आणि त्यांनी समजावलं नाही. काउंटरच्या कोपऱ्यात कोऱ्या चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा होता. सगळ्यांवर त्यांच्या सरळ अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं:

खालचा आवाज मी ऐकला. वरचा आवाज यांनी ऐकला.

आणि खाली दोन रेघा, सह्यांसाठी, सारख्या लांबीच्या.

घराच्या दारावरची ती जुनी किणकिणणारी घंटा बिघडलेली नव्हती.