पाच नंबरचं कपाट

जळोचीच्या आमच्या मेंढपाळ संग्रहालयाचं उद्घाटन रविवारी, आणि गुरुवारी पाच नंबरचं कपाट रिकामं. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत तोच घोळ चालला होता. शेवटी अध्यक्ष मोहनरावांनी टॉवेलात गुंडाळलेली कुऱ्हाड काढली. दांडा नवा, पण त्याला जुनं पितळी कडं. "लांडगं मारायची हाय. लिवा बाई," म्हणाले. मी संस्थेची सचिव, बत्तीस वर्षं शाळेत पोरांना उलटसुलट प्रश्न विचारले, इथं एकही विचारला नाही. मुकाट्यानं पाटी लिहिली आणि कुऱ्हाड काचेआड गेली. त्याचा राग मला आजही येतो, स्वतःचाच.

इमारतीला जागा देणाऱ्या सारजाबाई उशिरा आल्या. मुलगा जोतीराम त्यांना गाडीवरून घेऊन आलेला, तो दारातच थांबला. सारजाबाई कपाटासमोर थबकल्या. कड्यावरून त्यांची नजर हलेना.

"मोहनराव, ही परत पुरा. आत्ताच्या आत्ता," त्या हळूच म्हणाल्या.

मला काही उमजेना, तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं. डाळजच्या माळावर चराईच्या भांडणात मोहनरावांच्या वडिलांनी सारजाबाईंच्या नवऱ्याला, भीमाला, ह्याच कुऱ्हाडीनं तोडलं होतं. जोतीराम तेव्हा पोटात होता. पोलिसांपर्यंत काही गेलंच नाही. पंचांनी दोन्ही घरांना एका घोंगड्यावर बसवून खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: कुऱ्हाड बाभळीखाली पुरायची, वर आली की समेट मोडला. सारजाबाईंनी तो मानला पोरासाठी. पोरानं सूड उगवू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"वयनी, तीस वर्सं झाली की!" मोहनराव मोठ्यानं हसले. "माज्या बापाची कुऱ्हाड हाय. भीमाच्या रक्ताचा डागबी ऱ्हायला न्हाय तिच्यावर."

ते दारापर्यंत पोचलं.

जोतीरामनं कोपरानं काच फोडली. मनगट चिरलं, त्याला पत्ताही नव्हता. "जोत्या, न्हाय! माजी आण हाय तुला!" सारजाबाई त्याच्या कमरेला लटकल्या. त्यानं त्यांना झिडकारलं. पहिला घाव मोहनरावांच्या खांद्यात बसला, खुर्चीसकट ते आडवे झाले. मंडळातले बाकीचे शूर टेबलाखाली गेले. मोहनराव हात जोडायला बघत होते, पण एकच हात वर येत होता. दुसरा घाव मानेवर पडला. तिसरा फरशीवर, कारण मारायला काही उरलंच नव्हतं. निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा रक्तात भिजला. मी नुसती किंचाळत होते.

मग जोतीरामनं कुऱ्हाड टाकली आणि आईच्या पायाशी बसला. पोलीस येईपर्यंत ती त्याचं मनगट पदरानं बांधत होती.

महिन्यानं मंडळ पुन्हा बसलं. नव्या अध्यक्षांचा पहिला विषय काय, तर खटला संपला की कुऱ्हाड कोर्टाकडून मागून घ्यायची. बघायला गर्दी होईल म्हणे. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.  सारजाबाई उठल्या, रिकाम्या कपाटापाशी गेल्या आणि मला पाटी वाचायला सांगितली.

"लांडग्यांपासून कळपाचं रक्षण," मी वाचलं.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "लिवा, हिनं तीन माणसं खाल्ली. तिसरं अजून जित्तं हाय, येरवड्यात."