केसरची माय

उखर्डू नाना पाटलांनी चहाची बशी ओठाला लावली, मुलगी सुपारीचं तबक घेऊन उंबऱ्याशी आली आणि नेमकी त्याच वेळी बेबाबाई ओसरीवर चढली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते आणि पाय फुफाट्याने माखलेले होते.

"बसा नाना, उठू नका. च्या पिऊन घ्या," ती म्हणाली. "मंग बोलते मी."

नानांनी बशी खाली ठेवली. त्यांचा मुलगा रतिलाल, ज्याच्यासाठी सगळे सावद्याला मुलगी पाहायला आले होते, तो मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसू लागला.

"ह्या कोन?" मुलीच्या आईने दाराआडून विचारलं.

"मी या रतिलालच्या पह्यल्या बायकोची माय," बेबाबाई थेट दाराकडे वळून म्हणाली. "माही केसर बायंतपनात अडली व्हती. नर्सबाईनं सांगतलं, पोरगं पोटात आडवं हाये, जयगावले न्या. याह्यनं गोठ्यातून बैल सोडले नाही. कावून? त जयगावचा डाक्टर बाप्या हाये, घरच्या बाईच्या अंगाले हात लावीन! दोन दिस वरडली माही पोर. मंग गप झाली. आता तुमची पोर द्यायाची असीन त द्या. इचार करून द्या."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, चहाही घेतला नाही. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि सुपारीचं तबक आल्या वाटेने परत गेलं. नानांची ही तिसरी सोयरीक मोडली.

बेबाबाई रावेर स्टेशनाजवळच्या केळीच्या वखारीत घड पाल्यात बांधायच्या कामावर होती. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक. पिंपळझिऱ्याच्या पाटलाच्या घरी ती दिली तेव्हा वखारीतल्या बायकांनी बेबाबाईचा हेवा केला होता. चार जोड्या बैल, विहीर, केळीचा बाग. आणि त्याच घरात, आठव्यातच कळा सुरू होऊन, माहेरी यायच्या आधी केसर गेली. बेबाबाईला निरोप पोचला तो मयतीचाच. अडली होती तेव्हा कोणी सांगावासुद्धा धाडला नाही. हे सगळं तिला सांगितलं कुंदाबाईने, लोकल बोर्डाच्या नर्सने. कुंदाबाई तेव्हा नानांच्या पाया पडली होती, आणि नानांनी तिलाच घराबाहेर काढलं होतं.

तेराव्याला बायका गळ्यात पडून रडत होत्या. बेबाबाई उठून नानांसमोर गेली. "नाना, या घरात आता सून येनार नाही. मी येऊ देनार नाही." नाना हसले होते. वखारीतल्या एका मजूर बाईला कोण भीक घालणार, असं त्यांना वाटलं.

पण वखार म्हणजे बातम्यांचा बाजार. दहा गावच्या गाड्या तिथे केळी उतरवायच्या आणि गाडीवान हातासरशी गावच्या बातम्याही उतरवायचे. नाना कुठल्या गावी मुलगी पाहणार, हे बेबाबाईला कधीकधी मुलीच्या मामाच्याही आधी कळायचं. मग ती त्या दिवसाचा रोज बुडवायची आणि चालू लागायची.

कुंदाबाईला हे पसंत नव्हतं. ती धुळ्याची, शिकलेली, मनाने फार चांगली, आणि चांगल्या माणसांच्या वाट्याला येते तशी उपेक्षा तिच्याही वाट्याला आली होती. कापडावर रंगवलेली बाईच्या पोटाची चित्रं घेऊन ती गावोगाव हिंडायची. मूल आडवं असलं तर काय करायचं, रक्त थांबेना तर काय, फिट आली तर काय, हे घसा कोरडा करून सांगायची. बायका चित्र पाहून तोंडाला पदर लावायच्या आणि पाणी भरायचं निमित्त काढून सटकायच्या.

"बेबाबाई, तुम्ही सूड उगवताय," ती एकदा म्हणाली. "एका घराचं वाटोळं करून काय मिळणार? आपल्याला सुधारणा करायची आहे."

"सुधारना तुमी करा बाई. मले सूडच पायजे."

पण गंमत अशी, की ज्या गावात बेबाबाई ओसरीवर चढून बोलून गेली, त्या गावात कुंदाबाई पुढच्या आठवड्यात पोचली की बायका आपण होऊन गोळा व्हायच्या. केसरचं मूल आडवं होतं म्हणजे कसं होतं, ते त्यांना बघायचं असायचं. आता पदर तोंडाला लागत नव्हता, डोळ्यांना लागत होता. मग एखादी हळूच विचारायची, बाई, माझ्या बहिणीला फिट आली होती, ती वाचली असती का? कुंदाबाई खरं ते सांगायची. हळूहळू बेबाबाईच तिची चित्रांची गुंडाळी काखेत धरून पुढे चालू लागली. तिचा राग मात्र जिथल्या तिथे होता, हे कुंदाबाईला ठाऊक होतं.

नानांनी मग दूरचा विचार केला. पूर्व खानदेशात ही बाई जगू देत नाही, तर पश्चिमेला जाऊ. नरडाण्याजवळच्या एका वाडीत जातीतलीच एक विधवा होती, धुरपदाबाई. तिच्या मुलीशी, सुपडीशी, गुपचूप जुळवायचं ठरलं. गुपचूप म्हणजे किती, तर नानांच्या गाडीवानाने वखारीत तंबाखू मळता मळता सगळं सांगून टाकलं. बेबाबाई रावेरला गाडीत बसली, भुसावळला गाडी बदलली, आणि पाहुणे पोचायच्या आधी धुरपदाबाईच्या चुलीपुढे जाऊन बसली.

धुरपदाबाईने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं.

"हाई बठ्ठं खरं शे?"

"माह्या मेल्या लेकीची आन."

धुरपदाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "मन्ही मोठी पोर बी अशीच गयी. गाडी दारमा उभी व्हती, कोनी जुपी नही. आते तूच सांग, या सुपडीले देऊ कोठे? जे घर दखो ते असंच शे. तू एक घर बंद करस, बाकीना घरेस्नं काय?"

एवढे दिवस बेबाबाईला कोणी बोलण्यात अडवलं नव्हतं. या बाईने अडवलं. केसरनंतर तिला सगळ्या जगात एकच गोठा दिसत होता, नानांचा. बाकीच्या गोठ्यांतही बैल बांधलेलेच होते, आणि ते तिला कधी दिसलेच नव्हते. तिला स्वतःचाच संताप आला. आणि संतापाच्या भरातच तिला ती गोष्ट सुचली.

दुसरेपणावर मुलगी दिली, की पहिलीच्या आईने तिला लेक मानायची. ही आपल्याकडची जुनी रीत. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हीही तितकीच जुनी. रिती नानांनाच फार प्रिय होत्या.

"दे तुही पोर त्या घरात," बेबाबाई म्हणाली. "मी तिची माय व्हते."

पाहुणे आले. पंच बसले. बेबाबाईला आतून बाहेर येताना पाहून नानांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती म्हणाली, "मी मोडाले नाही आली. दोन बोली हायेत. सुपडीचं पह्यलं बायंतपन माह्या घरी, तिच्या मायच्या घरी. आन केसर कशी मेली, ते नानाह्यनं आपल्या तोंडानं सांगायाचं. आता. सगळ्याहिच्या समोर."

"देवाची मर्जी व्हती," नाना पुटपुटले.

"देवाले मधी आनू नका. बैल कोनाचे व्हते?"

नानांनी मुलाकडे पाहिलं. रतिलाल तिशी ओलांडलेला, घरात दिवा लावायला सून नाही. पंच वाट बघत होते.

"माहे," नाना म्हणाले.

"आन सोडू नका, असं कोनी म्हनलं?"

"म्या."

"नर्सबाई पाया पडली व्हती का नाही?"

"पडली व्हती."

"बस," बेबाबाई म्हणाली.

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की पोट भरेल. भरलं नाही. गाडीत परतताना तिला नानांची पडलेली मान पुन्हा पुन्हा आठवत होती आणि दर खेपेला ती कमीच पडत होती.

वर्षाच्या आत सुपडीला दिवस गेले. आठवा सरताच बेबाबाई तिला रावेरला घेऊन आली. जातीसमोर दिलेला शब्द, नानांना नाही म्हणता येईना. त्यांनी एवढंच बजावलं, की गावची सुईण रावेरला पाठवतो, तिच्याच हातून व्हायला हवं. बेबाबाईने हो म्हटलं, नाही म्हटलं, काय म्हटलं ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. तिने सुपडीला दूध पाजलं, पालेभाज्या खाऊ घातल्या, दर आठवड्याला कुंदाबाईकडून तपासून घेतलं. मायेने नव्हे. पहिलवान कुस्तीसाठी पोसावा, तशी ती त्या पोरीला पोसत होती. आणि दिवस भरत आल्यावर, सुईण यायच्या आधी, तिला आगगाडीत घालून सरळ जळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे आता एक बाईडॉक्टर आली होती, पण बेबाबाईने मुद्दाम बाप्या डॉक्टरकडूनही तपासून घेतलं. ही बातमी नानांपर्यंत पोचावी, अशी तिची फार इच्छा होती.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे. सकाळ गेली, दुपार चढली, सुटका होईना. सुपडीने बेबाबाईचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडली, "माय! वं माय!"

बेबाबाई खाटेच्या कडेला टेकली. केसरने अशीच हाक मारली असणार. दोन दिवस मारली असणार. आणि तेव्हा ही वखारीत घड मोजून पाल्यात बांधत होती, शेजारणीशी हसत होती.

"मी हाये," ती सुपडीला म्हणाली. "तुह्यापाशीच, आठीच हाये मी."

बाईडॉक्टरने पोट चिरायचं ठरवलं. नर्सने सुपडीच्या अंगावरचे दागिने उतरवून बेबाबाईच्या ओंजळीत दिले आणि तिला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर भर उन्हात उखर्डू नाना उभे होते. बातमी पोचली होती. बायकांचा वॉर्ड, पुरुषांना आत मज्जाव, म्हणून रखवालदाराने त्यांना पायरीखालीच अडवलं होतं. पिंपळझिऱ्याच्या पाटलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दाराबाहेर ठेवलं होतं. ते आले असतील तणतणत, पण आता चेहरा उतरला होता.

"बेबाबाई, पोर कशी हाये? काय म्हनते डाक्टर? सांग वं बाई, हात जोडतो तुले."

बेबाबाईने ओंजळ उघडली. पोत, जोडवी, आणि काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या सुनेच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा टाक बांधतात, तिची सावली पडू नये म्हणून. हा नानांनीच सोनाराकडून घडवून घेतला होता. नखाएवढ्या पत्र्यावर एक बाई, दोन डोळे, कपाळावर कुंकवाचा ठिपका. केसरसारखी ती मुळीच दिसत नव्हती.

तिने नानांचा जोडलेला हात सोडवला, तळवा वर केला आणि टाक त्यात ठेवला.

"धरा," ती म्हणाली. "तवा आनली नाही. आता तरी दवाखान्याच्या दारात घेऊन उभे राहा हिले."

नाना तळव्यावरच्या टाकाकडे पाहू लागले. तेवढ्यात आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, बारीक, मग चांगला खणखणीत. नर्स दारातून म्हणाली, "आजीबाई, या आत. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत."

बेबाबाईने बाकीचे दागिने पदराच्या गाठीत बांधले आणि ती आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

नाना पायरीखाली तळवा पसरून उभे होते. टाक उन्हाने तापला होता, पण त्यांनी मूठ मिटली नाही, खाली ठेवला नाही. चार पावलांवर निंबाची सावली होती, तिकडे सरकायचंही त्यांना सुचलं नाही.