दोघांची मिळून एक शोकसभा

माझी आत्या शाळेत गणित शिकवायची आणि माणसांचा अपमान करायची. दोन्हींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. “तुझं चुकलंय असं मी म्हणणार नाही, चुकायला आधी काहीतरी करावं लागतं,” असं ती भर वर्गात म्हणायची, आणि ज्याला म्हणायची तो पोरगा ते वाक्य मिरवत घरी जायचा. बाईंनी आज कुणाला काय सुनावलं ते मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेला पाठ झालेलं असे. आईवडिलांमागे मला तिनेच वाढवलं, तेव्हा ही प्रसादाची वाक्यं माझ्या वाट्याला दोन्ही वेळा यायची.

ती गेली त्याच महिन्यात भूगोलाचे सरही गेले. सर म्हणजे आत्याचं अगदी उलटं टोक. त्यांचा आवाज कधी चढला नाही, हात तर नाहीच नाही. जन्मात कधी बोटीत बसले नव्हते, पण समुद्राचे प्रवाह शिकवायला लागले की मागच्या बाकावरच्यांना मळमळायला लागायचं. पोरं दोघांवरही जीव टाकायची. आणि ही दोघं शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून, एकमेकांशी अवाक्षर न बोलता निवृत्त झाली.

कारण एक मुलगा होता. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला सर वर्गावर होते. वर्गाचा मॉनिटर, म्हणजे बाकीच्यांची नावं फळ्यावर लिहिणारा, तोच बाहीत चिठ्ठी लपवून बसलेला त्यांनी पकडला. चिठ्ठी त्यांनी खिशात टाकली आणि त्याला म्हणाले, लिही पुढे. पेपर तपासताना आत्याच्या लक्षात आलंच, कारण बाजारातल्या गाइडमध्ये छापलेली चूक जशीच्या तशी त्याच्या उत्तरात उतरली होती. तिने सरांना विचारलं, त्यांनी कबूल केलं. पोराची आई दवाखान्यात आहे, एका चिठ्ठीपायी वर्ष बुडवू नका, म्हणाले. आत्या मुख्याध्यापकांकडे गेली. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं तेव्हा सरांनी सरळ सांगितलं, चिठ्ठी वगैरे काही नव्हती, बाईंचा गैरसमज झालाय.

मॉनिटर पास झाला. आत्या खोटी पडली. त्यानंतर खडूचा डबा हवा असला तरी ती हाताच्या अंतरावर बसलेल्या सरांकडे चित्रकलेच्या बाईंमार्फत मागायची, आणि सर तो चित्रकलेच्या बाईंमार्फत सरकवायचे.

तोच मॉनिटर पुढे मोठा माणूस झाला. इमारती बांधू लागला, दोन-चार संस्थांवर जाऊन बसला, आणि माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला. मॉनिटर हे नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच. आत्या अंथरुणाला खिळली होती तेव्हा तो फिरकला नाही. ती गेल्याच्या चौथ्या दिवशी मात्र त्याचा फोन आला. मी दवाखान्यात एक्स-रे काढते, हातातलं काम टाकून फोन घेतला.

“ताई, दोघांची मिळून एकच शोकसभा ठेवू म्हणतो. हॉल एकदाच घ्यावा लागेल, लोकांनाही एकदाच यावं लागेल.”

“त्या दोघांना चाललं नसतं,” मी म्हटलं.

“आता त्यांना काय कळतंय?” तो हसला, आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, “फक्त ते जुनं काही काढायला नको. गेलेल्या माणसांबद्दल चांगलंच बोलावं.”

“गेलेल्यांबद्दल का राहिलेल्यांबद्दल?”

त्याला ऐकू आलं नसावं, किंवा ऐकू न येण्याची त्याला सवय असावी. कुटुंबीयांना स्टेजवर खुर्ची आहे, तुम्ही दोन शब्द बोला, असं सांगून त्याने फोन ठेवला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होते. याने तर दोन मढी एका ताटात घेतली होती.

सभेला गेले तर दारातच दोघांचा फोटो, माणसापेक्षा मोठा. हयातीत एका बाकावर न बसलेल्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलेलं. आत्याच्या कपाळावरची आठी कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती आणि ओठांना हसू चिकटवलं होतं. ती बाई कोण, हे मला दोन मिनिटं कळेना. खाली लिहिलं होतं, ‘जिवाभावाचे सहकारी’.

स्टेजवर माझ्या शेजारची खुर्ची सरांच्या मुलाची होती. लिफ्ट दुरुस्त करतो तो. आमच्या घरांत येणंजाणं नसल्यामुळे नुसती तोंडओळख होती. त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रुमालात खोकून घेतलं.

मग भाषणं सुरू झाली. एका डॉक्टरने बाई कशा मायेची सावली होत्या ते सांगितलं. माझ्या आत्याच्या सावलीत झाड वाळलं असतं. एका बँकेच्या साहेबांनी, परीक्षेला पेन विसरलो तेव्हा बाईंनी स्वतःचं पेन हातात दिलं, हे सांगताना डोळे पुसले. पुढच्या वक्त्यालाही बाईंनी पेन दिलं होतं. त्याच्या पुढच्यालाही. आत्याने पेन विसरणाऱ्याला फक्त एकच गोष्ट दिली असती, आणि ती स्टेजवरून सांगण्यासारखी नव्हती. प्रत्येकजण बाईंपासून सुरुवात करी आणि तीन वाक्यांत स्वतःच्या बंगल्यावर येऊन पोचे. सरांचं तर त्याहून वाईट झालं. त्यांच्या वाट्याला नुसतं ‘शांत, संयमी’ आलं. घड्याळाच्या जाहिरातीतसुद्धा यापेक्षा जास्त लिहितात.

समोर चाळीस-पन्नास वर्षांची माणसं मान खाली घालून मोबाइल बघत होती. मॉनिटर माइकवर आला आणि म्हणाला, बाई आणि सर म्हणजे दोन देह आणि एक आत्मा. आता त्या आत्म्याच्या घरची माणसं दोन शब्द बोलतील.

मी उठले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, चार ओळी, सभ्य. पण तो ‘एक आत्मा’ माझ्या घशाखाली उतरेना.

“ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती,” मी म्हटलं. “तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांचे निरोप इकडून तिकडे नेलेत.”

मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, हो, मी सरांचे नकाशे न्यायचे, आणि बाई म्हणायच्या, जगाचा नकाशा सांभाळून ने गं, त्यांना त्यात आपलं गाव सापडत नाही. आणि मग बांध फुटला. कुणाला ‘तुझ्या डोक्यात भागाकार चाललाय, बाकी शून्य उरतेय’ आठवलं. कुणाला सरांनी ओंजळीत पाणी धरून भरती-ओहोटी दाखवली आणि मुख्याध्यापकांच्या बुटात ओतली ते आठवलं. मोबाइल खिशात गेले. पेनवाल्या वक्त्यांतला एक हळूच म्हणाला, खरं सांगायचं तर मला त्यांनी पेन नाही दिलं, वर्गाबाहेर काढलं होतं. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत खरं पाणी दिसलं.

मी त्यांना भांडणाचं कारणही सांगितलं. एका मुलाने कॉपी केली, सरांनी त्याला वाचवलं, आत्या खोटी ठरली, एवढंच. नाव घेतलं नाही. मॉनिटर माइकच्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा हॉलच्या भिंतीच्या रंगाचा झाला होता.

“कोण होता तो मुलगा?” समोरून विचारलं गेलंच.

जिभेवर नाव आलं होतं. खोटं कशाला बोलू, त्याला भर सभेत उभा चिरायला मला फार आवडलं असतं. पण आत्याने मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. मलासुद्धा ते तिच्या शेवटच्या आजारात, तापाच्या बडबडीत कळलं होतं. मी सरांच्या मुलाकडे बघितलं आणि म्हटलं, “झाकलं ते सरांनी. उघडायचं का ते त्यांच्या मुलाने ठरवावं.”

तो उठला. माइक हातात घेतला.

“बाबांनी सांगितलं होतं, चिठ्ठी नव्हती,” तो म्हणाला. “म्हणजे नव्हती.”

आणि खाली बसला.

हॉल हसला, टाळ्याही पडल्या. मॉनिटरच्या तोंडावर रंग परत आला तो इतक्या झपाट्याने, की मला वाटलं माणसाला लाज नसली की रक्ताभिसरण चांगलं राहत असावं. त्याने माइक घेतला. एका विद्यार्थ्यासाठी आयुष्यभराचा अबोला पत्करणारे असे गुरू आता कुठे मिळणार, म्हणाला. तिथल्या तिथे त्याने दोघांच्या नावाने दरवर्षी एक बक्षीस जाहीर केलं. शाळेतल्या सर्वांत प्रामाणिक विद्यार्थ्याला. कोडग्याला कितीही कोरडे ओढा, तो त्यांची दोरी वळून त्यावर कपडे वाळत घालतो.

सभा संपली. मी गाडीपाशी आले तर सरांचा मुलगा मागून आला. मी फटकन विचारलं, का सोडलंत त्याला?

“ताई, बाबा जन्मात एकदाच खोटं बोलले,” तो म्हणाला. “ते फुकट कसं घालवू?”

“आणि माझी आत्या खोटी ठरली ती?”

तो म्हणाला, शेवटी शेवटी बाबा म्हणायचे, बाईंचं बरोबर होतं. पण परत वेळ आली असती तरी तेच केलं असतं, असंही म्हणायचे. मी म्हटलं, मग बरोबर होतं म्हणायला काय जातंय? तोंडावर येऊन सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, बाबा दोनदा तुमच्या दारापर्यंत गेले होते. मी म्हटलं, दारापर्यंत तर दूधवालाही येतो.

त्याला हसू फुटलं. हे अगदी बाईंसारखं झालं, म्हणाला. घरी येता का? आई सभेला आली नाही. तिला असल्या सभा बघवत नाहीत. पण बाई बाबांबद्दल घरी काय काय म्हणायच्या, ते तिला एकदा ऐकायचंय.

“त्यांना सोसेल का?”

“तीच म्हणाली, घेऊन ये.”

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल टाकून. सांत्वनाचं काही बोलायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. ते सगळे बोलून गेले, म्हणाल्या, तू बाई काय म्हणायच्या ते सांग.

मग मी सांगितलं. आत्या म्हणायची, या माणसाला वाळवंटात सोडलं तर उंटाला विचारेल, तुम्ही दमलात का, मी पाठीवर घेऊ? आत्या म्हणायची, त्यांचं मन इतकं मोठं आहे की त्यात अक्कल कुठे ठेवली ते सापडत नाही. काकूंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, म्हणून मी थांबले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, “उंटाचं खरं आहे गं. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी काय केलं माहितीये?”

मुलाने चहाचं आधण ठेवलं. ते उकळून आटलं, त्याने परत पाणी घातलं, आणि काकू सांगतच होत्या.